वळिवड्याची छावणी: घर सुटलेल्या बायांची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला. थंडी चांगलीच होती. आमच्यातल्या एकीनं नवं कोरं स्वेटर घातलं होतं. यवतमाळला गेली होती, तिथून आणलेलं. "कोणापासून घेतलं गं?" तर म्हणे, दर हिवाळ्यात त्या तिबेटी बाया दुकानं लावतात ना, त्यांच्यापासून. मग बोलणं तिकडेच वळलं. या बाया येतात कुठून, उन्हाळ्यात जातात कुठं, त्यांचं गाव कोणतं? मी सांगितलं की यांच्यातले काही लोक आपल्याच विदर्भात राहतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांची वसाहत आहे. त्यांचा देश सुटला, आपल्या सरकारनं त्यांना राहायला आणि कसायला जमीन दिली.

हे ऐकल्यावर आमच्या गटातली एक वडीलधारी काकू म्हणाली, "बाई, आपल्यालेच पुरत नाई, तं त्याईले काऊन देली जमीन?"

सगळ्या गप्प झाल्या. काकूचा प्रश्न काही चुकीचा नाही. ज्या घरात कापसाचा पैसा हाती यायच्या आधीच कृषी केंद्राच्या उधारीत जातो, त्या घरातल्या बाईनं हा प्रश्न विचारायचाच. "माणुसकी म्हणून दिली" एवढं बोलून मला काकूला उडवून लावायचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, काकू, याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. मी रेडिओवर सांगते. तर मैत्रिणींनो, आजचं हे बोलणं काकूच्या प्रश्नासाठी आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. निर्वासित. आपल्याकडे घर सोडावं लागणाऱ्यांची काही कमी नाही. बेंबळा प्रकल्पात ज्यांची गावं गेली, ते विस्थापित. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, कापूस वेचायला जे दुसऱ्या मुलखात जातात, ते स्थलांतरित. त्यांचे हाल खोटे नाहीत. पण त्यांचा देश त्यांचाच असतो. त्यांच्यापाशी मतदानाचं कार्ड असतं, रेशनकार्ड असतं, कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेता येतो. निर्वासित माणसाच्या हातून हेही गेलेलं असतं. युद्धामुळे, धर्मामुळे, जातीवंशामुळे, राज्यकर्त्यांच्या छळामुळे तो जीव वाचवायला सरहद्द ओलांडतो. परत गेला तर मरण, आणि जिथं आला तिथं त्याला ओळखणारं कोणी नाही. अशा माणसाला दार उघडायचं की नाही, हा प्रश्न असतो.

आपल्या महाराष्ट्रात असं दार एकदा मोठं उघडलं गेलं होतं, आणि तेही सातासमुद्रापलीकडच्या लोकांसाठी. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावची ही गोष्ट आहे.

युरोपात पोलंड नावाचा देश आहे. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला रशिया. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या हिटलरनं पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. पुढे १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं रशियाचं सैन्य शिरलं. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला जो भाग आला, तिथं १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत एक भयंकर काम झालं. शेतकरी, शिक्षक, पोलीस, जंगल खात्यातले नोकर, सैनिकांची कुटुंबं, जे कोणी नव्या सरकारला नकोसे वाटले त्यांना घरातून उचललं. रात्री-पहाटे दार वाजायचं. सामान बांधायला थोडासा वेळ द्यायचे. मग जनावरांच्या डब्यात कोंबून आठवडेच्या आठवडे प्रवास. सैबेरियाची जंगलं, कझाकस्तानची माळरानं. तिथं बायांनी बर्फात लाकडं तोडली, शेतं खणली. भाकरीचा तुकडा कामाच्या मापानं मिळायचा. जो काम करू शकत नाही, त्याचा वाटा कमी. म्हातारे गेले, तान्ही लेकरं गेली.

मैत्रिणींनो, पुष्कळ घरांतला पुरुष आधीच गेलेला होता. कोणी लढाईत, कोणी तुरुंगात. म्हणजे चार लेकरं, एखादी म्हातारी सासू आणि एक बाई, असा हा संसार होता. घरचा कर्ता माणूस गेल्यावर एकट्या बाईच्या अंगावर काय येतं, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला. आता रशियाला मित्र हवे होते. लंडनमध्ये पोलंडचं जे परागंदा सरकार होतं, त्याच्याशी रशियानं करार केला आणि या कैद्यांना सोडलं. पोलिश सैन्य उभं राहू लागलं. हे लोक उपाशीतापाशी, रोगानं खंगलेले, जमेल तसे दक्षिणेकडे निघाले. १९४२ मध्ये एक लाखाहून जास्त लोक, सैनिक आणि त्यांच्यासोबत बायालेकरं, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. सैनिक पुढे लढायला गेले. मागं राहिली बायालेकरं. यांचं काय करायचं? इराणात त्यांना कायम ठेवणं शक्य नव्हतं. मग कोणी आफ्रिकेत गेले, कोणी न्यूझीलंडला, कोणी मेक्सिकोला, आणि काही हजार आले हिंदुस्थानात.

सगळ्यात आधी दार उघडलं ते गुजरातेतल्या नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी. जामनगरजवळ बालाचडी इथं १९४२ मध्ये त्यांनी पोलंडच्या शेकडो अनाथ मुलांची राहण्याची सोय केली. पण आईसोबत आलेल्या कुटुंबांसाठी मोठी जागा हवी होती. ती मिळाली कोल्हापूर संस्थानात. गादीवर तेव्हा तान्हा राजा होता आणि कारभार त्याच्या नावानं रीजन्सीमार्फत चालत होता. कोल्हापूरपासून सातआठ किलोमीटरवर, पंचगंगेच्या काठच्या वळिवडे गावाजवळ छावणी बांधली गेली. हवा बरी, पाणी जवळ, आगगाडीचा रस्ता शेजारून जाणारा. १९४३ मध्ये कराची-मुंबईमार्गे लोक येऊ लागले. बघता बघता छावणीत सुमारे पाच हजार माणसं झाली. त्यांत बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी माणसं.

आता छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं तंबू आणि खिचडीची रांग येते. वळिवडे तसं नव्हतं, आणि हे नीट ऐका, कारण आजच्या गोष्टीतलं हेच मुख्य आहे. तिथं लांबच लांब बराकी होत्या, वर कौलं, बाजूला चटयांच्या भिंती. पण त्या बराकीत कुटुंबाकुटुंबाला वेगळ्या खोल्या होत्या आणि पुढं पडवी होती. प्रत्येकीची चूल वेगळी. म्हणजे बाई स्वतःच्या घरात स्वतःच्या हातानं रांधत होती. दोन वर्षं जिनं दुसऱ्याच्या हुकमावर भाकरीचा तुकडा घेतला, तिच्या हाती पुन्हा पळी आली. लेकराला काय खाऊ घालायचं, हे ती ठरवू लागली. ही लहान गोष्ट आहे का? रांगेत उभं राहून घेतलेलं जेवण पोट भरतं. पण आपल्या चुलीवर रांधलेलं जेवण माणसाला पुन्हा घरधनीण करतं.

छावणीत शाळा निघाल्या, अगदी लहानांपासून हायस्कुलापर्यंत. शिकवणाऱ्या बहुतेक बायाच. ज्यांना थोडंफार येत होतं त्या दुसऱ्यांना शिकवू लागल्या. हातकाम शिकवायची सोय झाली. दवाखाना झाला, प्रार्थनेसाठी चर्च झालं, नाटकं व्हायची, स्काउट-गाइडची पथकं चालायची. कोल्हापूरचे व्यापारी, आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले छावणीत येऊ लागले. सुरुवातीला बोलणं खुणेनं. मग हळूहळू त्या बायांना चार मराठी शब्द आले, आणि भाजीवाल्यांना पोलिश आकडे. बाजार सगळ्यात लवकर भाषा शिकवतो, हे आठवडी बाजारात बसणारी कोणीही सांगेल.

या कामात दोन पोलिश बायांची नावं घेतली पाहिजेत. एक कीरा बनासिंस्का. मुंबईतल्या पोलंडच्या वकिलांची ही पत्नी. निर्वासितांना हिंदुस्थानात आणण्यासाठी, त्यांच्या औषधपाण्यासाठी पोलिश रेडक्रॉसच्या वतीनं तिनं धावपळ केली. दुसरी वांदा दिनोव्स्का. ही तर युद्धाच्या आधीपासूनच इकडं आलेली, गांधीजींच्या विचारानं चालणारी. आपल्याकडे तिला उमादेवी म्हणत. छावणीतल्या मुलांनी तारेच्या कुंपणातच राहू नये, ज्या देशानं आपल्याला ठेवून घेतलं तो देश त्यांना समजावा, यासाठी ती झटली. तिचा एक सोबती होता, मॉरिस फ्रीडमन, तोही पोलंडचा. शिकलेला इंजिनिअर. इथं येऊन तो भारतानंद झाला. गांधीजींच्या सूतकताईसाठी धनुष तकली त्यानंच बनवली. आपण कापूस पिकवणाऱ्या, शेजारी वर्धा-सेवाग्राम. म्हणून मुद्दाम सांगते. बाहेरून आलेला माणूस नुसता घेत नाही, तो देतोही.

पण मैत्रिणींनो, गोष्ट गोड करून सांगायची नाही. याच १९४३ मध्ये आपल्याच देशात बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. वीस ते तीस लाख माणसं भुकेनं आणि रोगानं मेली, असं इतिहासकार सांगतात. कलकत्त्याच्या रस्त्यावर लोक मरत होते, आणि इंग्रज सरकारचं लक्ष युद्धाकडं होतं. त्याच काळात गोऱ्या निर्वासितांना बराकी, शाळा, दवाखाना मिळाला. मग काकूचा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर?

मला वाटतं तो प्रश्न बरोबर ठरला असता, पण तो ज्याला विचारायचा तो माणूस वेगळा होता. वळिवड्याच्या बायांनी बंगालच्या तोंडचा घास काढून घेतला नव्हता. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावावर होता. युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये दुसरं सरकार आलं, लंडनमधल्या सरकारची मान्यता गेली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेनं भार उचलला. बंगालमध्ये लोक मेले ते राज्य करणाऱ्यांच्या धोरणानं, साठेबाजीनं, धान्य वेळेवर न पोचवल्यानं. त्याचा जाब इंग्रज सरकारला विचारायचा होता. दोन भुकेल्यांना एकमेकांसमोर उभं केलं की कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला आहे, तो सुटतो. हे आपण रेशन दुकानापुढच्या रांगेतही पाहतो. भांडण होतं ते रांगेतल्या दोघींचं, आणि धान्य कमी का आलं हे विचारायचं राहून जातं.

आता पुढं. १९४५ मध्ये युद्ध संपलं. पण यांना घरी जाता येईना. ज्या भागातून यांना उचललं होतं, तो बराचसा भाग आता रशियाकडं गेला होता. गाव होतं, पण देश बदलला होता. १९४६ मध्ये बालाचडीची पोरंही वळिवड्याला आली. १९४७ मध्ये आपला देश स्वतंत्र झाला आणि छावणी आवरायला लागली. काहीजण पोलंडला परतले. ज्यांचे नवरे, भाऊ इंग्रजांच्या बाजूनं लढले होते ते बरेच इंग्लंडला गेले. कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी कॅनडा, कोणी अमेरिका. काही पोलिश मुलींनी इथल्याच तरुणांशी लग्न केलं आणि त्या इथल्या सुना झाल्या. जे इथं वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. १९४८ पर्यंत वळिवड्याच्या बराकी रिकाम्या झाल्या.

रिकाम्या झाल्या, पण रिकाम्या राहिल्या नाहीत. कारण तोवर आपल्याच देशाची फाळणी झाली होती. सिंध प्रांत सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. पंजाबचे आणि बंगालचे दोन तुकडे झाले, तिथल्या हिंदूंना सरहद्दीच्या अलीकडं का होईना आपल्या भाषेचा मुलूख राहिला. सिंधी लोकांना तेवढाही राहिला नाही. बोटीनं, आगगाडीनं ते मुंबईला आले. कल्याणजवळ युद्धात सैन्यासाठी बांधलेल्या पाच छावण्या होत्या, तिथं जवळजवळ एक लाख लोकांना ठेवलं. तिथंच १९४९ मध्ये उल्हासनगर वसलं. आणि काही सिंधी कुटुंबांना पाठवलं वळिवड्याच्या त्याच बराकींत. ज्या पडवीत पोलंडची बाई बसत होती, तिथं आता सिंधी बाई पापड वाळत घालू लागली. त्या वस्तीचं नाव पडलं गांधीनगर. आज दक्षिण महाराष्ट्रात कपड्याचा ठोक बाजार म्हटलं की गांधीनगरचं नाव निघतं. आसपासच्या गावांतल्या कितीतरी जणांना तिथं रोजगार आहे.

सिंधी लोक आपल्या विदर्भातही आले. नागपूर, अमरावती, अकोला, आपलं यवतमाळ. ज्यांनी डोक्यावर गाठोडं घेऊन, गल्लोगल्ली फिरून कापड, गोळ्या-बिस्किटं विकली, त्यांची नातवंडं आज बाजारपेठेत दुकानं चालवतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना 'निर्वासित' हा शब्द आवडत नसे. आम्ही आमच्या कष्टानं उभे राहिलो, आम्हाला पुरुषार्थी म्हणा, असं ते म्हणत. मला मात्र त्यात एक कमी दिसते. पापड लाटणाऱ्या, शिवण शिवणाऱ्या, अर्धपोटी राहून पोरांना शाळेत घालणाऱ्या सिंधी बायांचा कष्टही त्यातच होता. पण शब्द निघाला तो 'पुरुषार्थ'. असो.

पुढं १९५९ मध्ये तिबेटचे दलाई लामा चीनच्या सैन्यापासून जीव वाचवून भारतात आले. त्यांच्यामागं हजारो लोक हिमालय ओलांडून आले. थंड पठारावर याक पाळणारी, जवाचं सातू खाणारी ही माणसं. सुरुवातीला त्यांना डोंगरी रस्ते बांधायच्या कामावर लावलं. मग वेगवेगळ्या राज्यांनी जमिनी दिल्या. कर्नाटकनं दिल्या, मध्य प्रदेशनं दिल्या, आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रानं नवेगावबांधजवळ गोठणगावच्या परिसरात दिली. नोर्ग्येलिंग हे त्या वसाहतीचं नाव. बर्फातल्या माणसांनी आपल्या विदर्भाच्या उन्हात धान लावायला शिकायचं, हे सोपं नव्हतं. नुसत्या शेतीवर भागेना, म्हणून हिवाळ्यात स्वेटरचा धंदा. तो धंदा कसा चालतो माहीत आहे? पुष्कळजण पंजाबातल्या लुधियान्याहून माल उधारीवर उचलतात, गावोगावी विकतात आणि हंगाम संपला की पैसे फेडतात. वर्षानुवर्षं हे विश्वासावर चाललं आहे. आपण गटात कर्ज देताना परतफेड पाहतो ना? तसंच. आणि गंमत पाहा, ती वांदा दिनोव्स्का, आपली उमादेवी, म्हातारपणी याच तिबेटी लोकांच्या मुलांसाठी काम करत राहिली. १९७१ मध्ये ती या देशातच वारली.

आपल्या शेजारी आणखी एक वस्ती आहे. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या बंगाली कुटुंबांना तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवलं. आज तो भाग गडचिरोली जिल्ह्यात येतो. मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत गेलात तर भातशेती, मासळी आणि बंगाली बोलणं भेटेल. पण तिथं जमीन दिली ती जंगल तोडून. त्या जंगलावर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्या गोंड-माडिया लोकांना किती विचारलं? मदत करताना शेजारच्या गरिबाच्या वाट्याला हात लावला, की पुढं दोन गरिबांत तेढ उभी राहते. काकूच्या प्रश्नातलं खरं ते इथं आहे. दार उघडा, पण ओझं गावातल्या सगळ्यात दुबळ्या घरावर टाकू नका.

आणि आता काकूला एक गोष्ट सांगायची आहे, जी तिला बहुतेक माहीतच नसेल. काकू, तुझ्या सासरमाहेरच्या माणसांनीही निर्वासितांना मदत केली आहे. १९७१ मध्ये पाकिस्तानच्या सैन्यानं पूर्व बंगालमध्ये कत्तल मांडली आणि सुमारे एक कोटी लोक आपल्या देशात आले. एक कोटी! एवढ्यांना खाऊ घालायचं कुठून? सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर लावला. पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं वगळली. बाकी पाकिटाला नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं वेगळं तिकीट चिकटवायचं. मार्च १९७३ पर्यंत हे चाललं. त्या वेळी आपल्या महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता. आपले लोक खडी फोडत होते, सुकडी खात होते. पण त्या दिवसांत वणीहून, पुसदहून, दारव्ह्याहून ज्यानं पाकीट टाकलं, त्याचे पाच पैसे कोणा अनोळखी लेकराच्या दुधाला, कोणाच्या औषधाला गेले. डोंगराएवढं काम थोड्याथोड्या पैशांनी झालं. आपला गटही असाच उभा राहिला आहे.

कायद्याचं थोडं सांगते. निर्वासितांसाठी १९५१ मध्ये जगातल्या देशांनी मिळून एक करार केला. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला परत ढकलायचं नाही, हे त्यातलं मुख्य कलम. आपल्या देशानं त्या करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे कोणाला काय मिळेल, हे त्या त्या वेळच्या सरकारवर राहतं. तिबेटी माणसाला नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं, ते मुदत संपली की नवं करून घ्यावं लागतं. दुसऱ्या कोणाला तेवढंही मिळत नाही. पण आपल्या राज्यघटनेचं २१वं कलम आहे, जगण्याच्या हक्काचं. ते फक्त नागरिकांपुरतं नाही, या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना हुसकावण्याच्या धमक्या येत होत्या, तेव्हा १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यांच्या जिवाचं रक्षण करणं हे राज्याचं काम आहे.

तर काकू, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. 'आपल्यालेच पुरत नाई' हे खरं आहे. वळिवड्याच्या आसपासच्या गावांनाही १९४३ मध्ये पुरत नव्हतं. पण आपल्याला न पुरण्याचं कारण तो परका नाही. कापसाला भाव मिळत नाही तो तिबेटी बाईमुळे नव्हे. आणि मदत म्हणजे जन्मभर पोसणं नव्हे. वळिवड्यानं काय दिलं? छप्पर, चूल, शाळा, दवाखाना आणि बाजार. बाकीचं त्या बायांनी स्वतः उभं केलं. पाच वर्षांनी त्या गेल्या, त्या उपकार विसरून गेल्या नाहीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात स्मारक झालं, तेव्हा लहानपणी छावणीत राहिलेली, आता ऐंशी-नव्वदीला आलेली माणसं सातासमुद्रापलीकडून आली होती. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथंही कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक आहे. आपल्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं फूल वाहिलं. पाच वर्षं दिलेली जागा ते लोक ऐंशी वर्षं आठवत आहेत.

आपल्या गावात पोलंडचे लोक येणार नाहीत. पण वेचणीच्या दिवसांत परमुलखातली कुटुंबं येतात, वीटभट्टीवर पालं पडतात. ते निर्वासित नाहीत, या देशाचेच आहेत, आणि त्यांचे हक्क तर पक्के आहेत. त्यांचं रेशनकार्ड दुसऱ्या गावातही चालतं, त्यांच्या लेकराला आपल्या अंगणवाडीत खाऊ मिळू शकतो, गरोदर बाईची नोंद आपल्या आशाताई करू शकतात. त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. आपण सांगू शकतो. त्याला पाच पैसेही लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की थोडा वेळ काढा आणि एकमेकींना दोन गोष्टी विचारा. एक, आपल्या घराण्यात मागं कोणाला गाव सोडावं लागलं होतं का, आणि तेव्हा पहिला तांब्याभर पाणी कोणी दिलं? दुसरी, आज आपल्या शिवारात पाल टाकून राहणारी बाई कोण आहे, तिचं नाव आपल्याला माहीत आहे का? जी उत्तरं येतील ती आम्हाला कळवा, आपण त्यावर पुन्हा बोलू.

आमच्या काकूनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मंग त्या स्वेटरवालीले यंदा भाव करताना लय ताणू नका." एवढंच म्हणाली. मला वाटतं, पुरे आहे.